पॉज म्हणजे विसरणं

मावशीला ज्यांचा राग येत नाही अशी माणसं थोडी होती, आणि त्यांतली बरीचशी वारलेली होती. जिवंतांत तिचा सगळ्यांत जास्त राग नटांवर. एकतीस वर्षं ती त्यांच्या नाटकांना प्रॉम्प्टिंग करत होती. म्हणजे उजव्या विंगेत, पडद्याआड, हात नसलेल्या खुर्चीवर बसायचं, मांडीवर नाटकाची वही उघडी ठेवायची, आणि स्टेजवरचा माणूस अडला की पुढचं वाक्य दबक्या आवाजात त्याच्याकडे टाकायचं. बाहेरच्यांना वाटतं, प्रॉम्प्टर म्हणजे नटाचा आधार. मावशीच्या मते आधारबिधार काही नाही. नट म्हणजे रंग फासलेला पोपट, आणि बोलविता धनी विंगेत. पोपटाला टाळ्या आणि धन्याला डास, असा हा धंदा.

नाट्यगृह तिच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं, म्हणजे भावोजींचं. मावशी बहिणीकडे आठ दिवस पाहुणी म्हणून आली होती. त्याच आठवड्यात प्रॉम्प्टरला कावीळ झाली, म्हणून ती त्याच्या खुर्चीवर बसली ती पुन्हा उठली नाही. लग्नबिग्न राहून गेलं. पुढं भावोजी गेले, आणि पडदे, उंदीर, कर्ज काढून आणलेले दिवे आणि मावशी असं सगळं भाच्याच्या पदरात पडलं. त्याची मावशी म्हणून ती सगळ्या थिएटरची मावशी झाली. तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले नटही तिला मावशीच म्हणायचे.

भाचा दोन वर्षं बाहेर राहून नाटक शिकून आला होता. जाताना गुळगुळीत गालांनी गेला, येताना दाढी घेऊन आला. नाटकात शिकण्यासारखं काय असतं, हे मावशीला कधी उमगलं नाही. पाठ करायचं, बोलायचं, घरी जायचं. पण भाच्यानं शनिवार सकाळचा वर्ग काढला. नाटकाच्या धंद्यातले प्राथमिक शब्द आणि स्वगत कसं करायचं ते, बारा शनिवारांत. कुणीही यावं म्हणून दारावर पाटी लावली, आणि कुणीही आलं.

मावशी त्या वर्गाकडे ढुंकूनही बघणार नव्हती. पण भाच्यानं नवं नाटक बसवायला घेतलं होतं, आणि त्यात एका म्हाताऱ्या आईचं काम होतं. काम कसलं, एकच प्रवेश आणि एकच स्वगत, पण नाटकाचा सगळा जीव त्या स्वगतात होता. ते काम वर्गातल्याच कुणालातरी द्यायचं असं त्यानं जाहीर केलं. बाराव्या शनिवारी परीक्षा, जो स्वगत चांगलं करील त्याचं काम, मग तो पुरुष असला तरी.

"अरे, घरात बाई असताना बाहेर कशाला शोधतोस?" मावशी त्याला म्हणाली.

"मग ये ना वर्गात," भाचा म्हणाला. "बाकीच्यांसारखी."

बाकीच्यांसारखी! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण ती गेली.

पहिल्या वर्गाच्या आदल्या रात्री, जेवणाआधी, तिच्या बहिणीनं तिला विचारलं होतं. ताईचे गुडघे गेले होते, ती दिवसभर खिडकीपाशी बसून कुणाचं ना कुणाचं उसवलेलं शिवत असे. "तुला कशाला हवंय ग ते काम? या वयात?"

"एकतीस वर्षं अंधारात बसलेय, ताई," मावशी म्हणाली. "त्यांचं सगळं मला येतं. एकूण एक. त्यांच्याहून चांगलं येतं. एकदा उजेडात उभी राहून दाखवते. मग मेले तरी चालेल."

ताईनं सुईत दोरा ओवायला घेतला. तो ओवून झाल्यावर तिनं दुसरं उसवलेलं पोलकं मांडीवर ओढलं.

वर्गाला मावशी सोडून नऊजण होते. त्यांतल्या सातांकडे मावशीनं लक्षच दिलं नाही, कारण ते चौथ्या शनिवारपर्यंत गळतील हे तिला दिसत होतं, आणि ते गळलेही. उरले दोघे. एक दातांचा डॉक्टर होता. त्याच्यासमोर माणसं दिवसभर तोंड उघडं टाकून बसतात आणि एक शब्द बोलू शकत नाहीत. स्वगताचा एवढा सराव आणखी कुणाला असणार? तरी तो स्टेजवर आला की असा वाकून बोलायचा, की वाटावं समोरच्याची दाढ आता निघाली. दुसरी एका बँकेतली कॅशियर होती. चाळिशीची, गोल चेहऱ्याची, कुणी काही म्हटलं की आधी हसणारी. मावशीनं मनातल्या मनात तिचं नाव टोकनबाई ठेवून दिलं.

पहिल्या शनिवारी भाच्यानं सगळ्यांना स्टेजवर उभं केलं आणि विचारलं, "स्टेजची उजवी बाजू कुठली?"

टोकनबाईनं डावीकडे बोट केलं.

"ती प्रेक्षकांची उजवी. नाटकात नटाची उजवी ती उजवी. नटानं प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहायचं, मग बघायचं."

टोकनबाई हसली आणि तिनं ते वहीत लिहून घेतलं. मावशीनं सगळ्यांना ऐकू जाईल असा सुस्कारा सोडला. पुढच्या शनिवारी टोकनबाई उजव्या मनगटावर नोटांच्या गड्डीचं रबर अडकवून आली. उजवा हात ओळखायला जिला रबर लागतं तिच्याकडे लोक आपल्या जन्माच्या ठेवी ठेवतात, या विचारानं मावशीला देशाची काळजी वाटली.

मग अपस्टेज आणि डाऊनस्टेज. अप म्हणजे मागं, प्रेक्षकांपासून लांब. डाऊन म्हणजे पुढं. पूर्वी स्टेजला उतार असायचा, मागची बाजू उंच, म्हणून असं म्हणतात, हे भाच्यानं समजावून सांगितलं. आपल्या स्टेजचा उतार वाळवीनं कधीच सपाट केलाय, हे त्यानं सांगितलं नाही, ते मावशीनं सांगितलं. मग क्यू, म्हणजे ज्या शब्दावर आपण बोलायचं किंवा आत यायचं तो शब्द. मग ब्लॉकिंग, म्हणजे कोण कुठून कुठं जाणार आणि कुठं थांबणार याची ठरलेली आखणी. मग चौथी भिंत. स्टेजवर तीन भिंती असतात, चौथी प्रेक्षकांच्या बाजूला आहे असं नटानं मानायचं.

"तीन भिंतींचे पैसे सुताराला, चौथी फुकट," मावशी म्हणाली. डॉक्टर हसला. भाच्यालाही हसावं लागलं.

शब्द असे एकेक येत गेले, आणि मावशीला कळेना की यात शिकायचं काय. हे शब्द तिच्या पायात घुटमळत मोठे झाले होते. त्यांची कुणी वहीत नोंद करतं, खाली रेघ मारतं, हे बघून तिला लाज वाटायची. टोकनबाई तर प्रत्येक शब्दापुढं आपल्या भाषेत अर्थ लिहायची. मावशीनं एकदा मुद्दाम तिच्या वहीत डोकावून बघितलं. 'विंग' पुढं लिहिलं होतं: 'जिथून मावशी दिसतात.' मावशीला ते आवडलं नाही. ती कुणाला दिसायला तिथं बसत नव्हती.

सातव्या शनिवारी पॉज आला.

"पॉज म्हणजे थांबणं," भाचा म्हणाला. "पण रिकामं थांबणं नाही. शब्द संपतात, विचार चालू असतो. नट गप्प असतो तेव्हा प्रेक्षक त्याच्या आत शिरतात. स्वगतात तर..."

"पॉज म्हणजे विसरणं," मावशी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. तिला रंग चढला. "एकतीस वर्षं बघतेय मी. माणूस विसरतो, गप्प होतो, इकडं तिकडं बघतो. आपण वाक्य दिलं की पुढं जातो. मग बाहेर येऊन सांगतो, मी तिथं पॉज घेतला. विसरलेल्याची अब्रू झाकायला काढलेला शब्द आहे तो. या थिएटरच्या मोठ्या बाई, तुम्ही सगळे ज्यांचे फोटो बघता ना बाहेर, त्या पहिले साठ प्रयोग रोज एकाच वाक्यापाशी अडायच्या. रोज मी ते वाक्य दिलं. मग सुधारल्या. एकसष्टाव्या प्रयोगापासून पाण्यासारखं बोलायला लागल्या."

डॉक्टर पुन्हा हसला. भाचा हसला नाही. तो बुटाच्या टोकानं स्टेजवरची जुनी खडूची खूण पुसत होता. "चला, पुढं जाऊ या," तो म्हणाला. एवढं शिकून आलेल्याला एका वाक्यात गप्प केलं, म्हणून त्या दिवशी मावशीला जेवण गोड लागलं.

स्वगत सगळ्यांना एकच दिलं होतं. आईची मुलगी भांडून घर सोडून गेलीय. शेजारीण विचारते, तुम्ही रात्री दाराला कडी का लावत नाही? त्यावर आई बोलते. शेवट असा होता:

"अकरा वर्षं झाली. जाताना किल्ली टेबलावर टाकून गेली ती. म्हणून मी कडी लावत नाही. आली तर कशानं उघडेल? सगळे मला ओरडतात. अगं, एकटी बाई तू, चोर येतील. येऊ देत. कुणीतरी येईल."

मावशीला ते दोनदा वाचून पाठ झालं. डॉक्टरनं फोनवर रेकॉर्ड करून गाडीत ऐकायला घेतलं. टोकनबाई म्हणे रोज दुपारी डबा खाताना भिंतीकडे तोंड करून ते म्हणायची, आणि बँकेतल्या शिपायानं एकदा तिला पाणी आणून दिलं. हे तिनंच हसत हसत सांगितलं. काय म्हणावं या बाईला, आपल्या वेडेपणाच्या गोष्टी स्वतःच वाटत फिरते!

परीक्षेला भाच्यानं मोठ्या बाईंना बोलावलं. त्यांनी काम सोडून सहा वर्षं झाली होती. केस पांढरे ठेवले होते, पण मान अजून तशीच, फोटोतल्यासारखी. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या. परीक्षा देणारे दुसऱ्या रांगेत.

डॉक्टरनं शेजारणीची दाढ काढली, एवढं सांगितलं की पुरे.

मग टोकनबाई वर गेली. रबर बघून मधोमध उभी राहिली. आवाज लहान, हात कुठं ठेवायचे ते ठाऊक नाही, आणि मध्येच दोन वाक्यांची अदलाबदल केली. मावशीनं बोटावर चुका मोजल्या. तीन झाल्या. मग ती "येऊ देत" म्हणाली आणि गप्प झाली.

मावशीचं तोंड आपोआप उघडलं. "कुणीतरी येईल," तिनं दुसऱ्या रांगेतून वाक्य टाकलं.

टोकनबाईच्या डोळ्यांत काहीतरी हललं. "कुणीतरी येईल," ती लगेच म्हणाली, आणि उतरली. मावशीला स्वतःचं कौतुक वाटलं. वैरीण असली म्हणून काय झालं, अडली तर वाक्य द्यायचं. धर्म म्हणजे धर्म. शिवाय, बाई अडली हे सगळ्यांना नीट कळलंही.

आता ती. मावशी पायऱ्या चढून वर गेली, आणि पाय तिला आपसूक उजव्या विंगेजवळ घेऊन गेले. ती तिथंच उभी राहिली. दिवे थेट डोळ्यांत येत होते, म्हणून तिनं मान डावीकडे वळवली. प्रेक्षकांकडे बघायचं कशाला? ते थोडेच अडले होते? तिनं सुरुवात केली आणि स्वगत धाडधाड बोलून टाकलं. तिचा आवाज एकतीस वर्षं ज्या वाटेनं गेला होता त्याच वाटेनं गेला, खालच्या पट्टीत, स्टेज आडवा ओलांडून. पहिल्या रांगेच्या मागं त्यातलं काही पोचलं नसेल. समोरच्या विंगेत वायर गुंडाळत बसलेल्या इलेक्ट्रिशियनला मात्र अक्षर न् अक्षर ऐकू आलं, आणि त्यानं अंगठा वर करून दाखवला.

तीन मिनिटांचं स्वगत तिनं बावन्न सेकंदांत संपवलं. डॉक्टरनं फोनवर वेळ लावली होती. एक कानामात्रा चुकली नाही, एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही, कुठं क्षणभर अडली नाही. मावशी मान ताठ ठेवून खाली उतरली. हातच्या काकणाला आरसा कशाला?

मोठ्या बाई आणि भाचा बराच वेळ हळू बोलले. मग भाचा आला. काम टोकनबाईला मिळालं होतं.

"माझी एक तरी चूक झाली का?" मावशीनं विचारलं.

"नाही, मावशी. एकही नाही."

"मग?"

भाच्यानं दाढी खाजवली. "मग... आणि असं बघ, प्रॉम्प्टला तू हवीसच ना. तुझ्याशिवाय कोण बसणार तिथं?"

मावशीनं त्याच्याकडे असं बघितलं की तो लहान असता तर रडला असता. तिला सगळं कळलं होतं. बँकेतली बाई, गोल चेहरा, हसरी, ओळखीपाळखीची. बँकेतले दीडशे लोक नाटकाला तिकीट काढून येतील. नाटकाचं शिक्षण म्हणजे हे. घरी येऊन ती ताईला म्हणाली, "तुझ्या मुलानं माझं नाक कापलं." ताई म्हणाली, "जेव आधी." मावशी जेवली नाही. आयुष्यात एकदाच काहीतरी मागितलं होतं, आणि ते एका अशा बाईला मिळालं जिला स्टेजची उजवी बाजू रबर बघून कळते. तिला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण नुसता राग येत राहिला.

तालमींना ती वेळेवर जायची. खुर्चीवर बसायची, वही उघडायची, बोट ओळीखाली ठेवायची. आणि टोकनबाई रोज अडायची. बाकी सगळं जमायला लागलं होतं तिला, आवाजही मागच्या रांगेपर्यंत जायला लागला होता, पण रोज "येऊ देत" म्हटलं की गप्प. रोज मावशी "कुणीतरी येईल" म्हणायची, रोज टोकनबाई ते उचलायची आणि पुढं जायची. रोज त्याच दगडाची ठेच! वर तालीम संपली की विंगेत येऊन टोकनबाई म्हणायची, "थँक्यू हं, मावशी." मावशी वही मिटून चालू लागायची.

पहिला प्रयोग रविवारी दुपारी तीनचा, दुसरा त्याच दिवशी साडेसहाचा. तीनच्या प्रयोगाला हॉल भरला. बँकेतले खरंच आले होते. मोठ्या बाई पहिल्या रांगेत होत्या. तिसरी घंटा झाली तेव्हा मावशीनं मनाशी पक्कं केलं: आज ते वाक्य द्यायचं नाही. अडू दे. मोठ्या बाईंसमोर, बँकेसमोर, सगळ्यांसमोर अडू दे. विंगेकडे वळू दे, डोळे वटारू दे, हात जोडू दे. मग कळेल भाच्याला, कुणाच्या जिवावर नाटक चालतं.

एकतीस वर्षांत तिनं कधी असं केलं नव्हतं. तिला भीतीही वाटली आणि भूक लागल्यासारखंही वाटलं.

टोकनबाईचा प्रवेश आला. "एकटी बाई तू, चोर येतील," टोकनबाई म्हणाली. "येऊ देत."

आणि गप्प झाली.

मावशीनं ओठ घट्ट मिटले. ओळीखाली बोट होतं, वाक्य दातांच्या आत होतं. ती वाट बघत राहिली. आता वळेल. पण विंगेच्या फटीतून टोकनबाईची पाठ तशीच दिसत होती. हॉलमध्ये कुणी खोकलं नाही. कुणाची खुर्ची करकरली नाही. ही शांतता मावशीच्या ओळखीची नव्हती. तिनं एवढी लांब शांतता या थिएटरात कधी होऊच दिली नव्हती. मग टोकनबाईनं अगदी साध्या आवाजात, कुणाला पत्ता सांगावा तसं म्हटलं, "कुणीतरी येईल."

अंधारात कुठंतरी एक बाई मोठ्यानं हुंदका देऊन गेली. आणि मग टाळ्या.

पडदा पडल्यावर टोकनबाई धावत विंगेत आली. रंग गालांवरून ओघळला होता. तिनं मावशीचे दोन्ही हात धरले.

"मावशी, आज तुम्ही बोलला नाहीत! किती बरं केलंत! मी दर वेळी मनाची तयारी ठेवायची बघा, की आता मावशी बोलणार, आपण लगेच पुढं जायचं. सरांनी पहिल्याच तालमीला बजावलं होतं, मावशीला काही म्हणायचं नाही, तिला वाईट वाटेल. मोठ्या बाई तर म्हणाल्या, अगं, तू तो पॉजच सोडून दे, आम्ही सगळ्यांनी सोडले. पण मला तो सोडवेना हो. मी आपली रोज थांबून बघायची, आज मिळतो का. आणि आज तुम्ही दिलात!"

तिच्या बोलण्यात टोचायचा हेतू कणभरही नव्हता. तो असता तर मावशीनं तिथल्या तिथं उत्तर दिलं असतं. टोकनबाईनं तिचे हात आणखी एकदा दाबले आणि बँकेतल्या लोकांकडे पळाली.

मोठ्या बाई मेकअपच्या खोलीत चहा घेत बसल्या होत्या. मावशी दारात उभी राहिली.

"तू सुधारली होतीस ना?" तिनं विचारलं.

"कशात ग?"

"त्या वाक्याला. साठ प्रयोगांनंतर अडायची थांबलीस."

मोठ्या बाईंनी कप खाली ठेवला. खोटं बोलावं की नाही याचा त्यांनी थोडा विचार केला असावा, मग त्या या वयात तो त्रास घ्यायला तयार झाल्या नाहीत. "मी अडतच नव्हते, मावशी. मी थांबत होते. तू बोलायचीस. पहिल्या रांगेला ऐकू जायचं. लोक हसायचे कधीकधी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? तुझे भावोजी मालक. एकदा तुझ्या ताईकडे विषय काढला होता. ती म्हणाली, तेवढं चालवून घ्या, तिला दुसरं काय आहे? मग मी पॉज काढून टाकला. बाकीच्यांनीही काढले. पुढं सवय झाली."

"सवय?"

"घरात नळ गळतो, त्याची होते ना, तशी," मोठ्या बाई म्हणाल्या. त्या हे प्रेमानं म्हणाल्या, आणि तेच वाईट होतं.

मावशी विंगेत परत आली. स्टेजवर माणसं साडेसहाच्या प्रयोगासाठी टेबल-खुर्च्या जागेवर लावत होती. एकतीस वर्षं ती या लोकांना पोपट म्हणत होती. एकतीस वर्षं ती त्यांच्यावर उपकार करत होती, आणि तिच्या पाठीमागं ते, ताई, भावोजी, कालचा पोरसवदा भाचा, सगळे मिळून तिला चालवून घेत होते. कुणी एकानं तिला मूर्ख म्हटलं असतं तर तिनं जन्मभर त्याचे पाय धरले असते. पण मूर्ख म्हणायलाही माणसाला मोजावं लागतं, आणि तिला कुणी मोजलंच नव्हतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ तिनं फार बारकाईनं बघितलं होतं. स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ सगळं थिएटर बघत होतं.

उठून घरी जावं असं तिला वाटलं. पण घरी ताई होती, आणि ताईला हे सगळं आधीपासून ठाऊक होतं. मग जायचं कुठं? तिसरी घंटा झाली तेव्हा ती खुर्चीवरच होती. तिनं वही उघडली, कारण दुसरं काही करायला तिला येत नव्हतं.

नाटक पुढं सरकलं. पहिल्या अंकात दोघे नट बोलता बोलता मध्येच थबकले, आणि मावशीनं तोंड उघडलं नाही. हे विसरले की थांबले? तिला सांगता येईना. वहीत बघितलं तर वहीत काहीच नव्हतं. तिथं एक वाक्य संपलं होतं आणि पुढचं सुरू होत होतं. मधल्या जागेबद्दल कागद काही सांगत नव्हता. इतकी वर्षं तिनं बोट ओळीखालून कधी काढलं नव्हतं, आणि बोट ओळीखाली असलं की डोळेही तिथंच राहतात. मग ओळखायचं कसं? चेहरा बघितल्याशिवाय ओळखायचं कसं? एवढी साधी गोष्ट, कालच्या कॅशियरलासुद्धा कळली असती.

टोकनबाई आली. "सगळे मला ओरडतात," ती म्हणाली. मावशी खुर्चीवरून उठली आणि विंगेच्या कडेला, पडद्याला खेटून, पुढं सरकली. तिथून टोकनबाईचा चेहरा बाजूनं दिसत होता, मानेपासून कपाळापर्यंत, उजेडात.

"अगं, एकटी बाई तू, चोर येतील. येऊ देत."

टोकनबाई थांबली. ती दाराकडे बघत होती. दार लाकडी फळीचं होतं, मागं काही नव्हतं, हे मावशीला ठाऊक होतं. ते दार तिच्या देखत रंगवलं होतं. तरी त्या बाईच्या चेहऱ्यावरून असं वाटत होतं की आता त्या दारावर कुणीतरी हात ठेवील. तिची हनुवटी किंचित वर आली. ती काही विसरली नव्हती. मावशीनंही त्या दाराकडे बघितलं.

सवयीनं तिनं पुढचं वाक्य ओठांवर आणायला घेतलं, आणि ते तिला आठवेना. वही मागं खुर्चीवर उघडी पडली होती. मावशी मागं वळली नाही.